शब्दचर्चा: तूसीच्या ‘शक्ल’ला मराठीत काय म्हणावे?

ऋजुरेषा

तेराव्या शतकातल्या इराणी गणिती नसीरुद्दीन तूसीने युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या भूमितीच्या ग्रीक ग्रंथाची अरबीत नवी मांडणी केली (हिजरी ६४६, म्हणजे इ.स. १२४८). तिच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडली आहे. तूसी सांगतो की ग्रंथात पंधरा मकाले आहेत, हज्जाजच्या प्रतीत ४६८ ‘शक्ल’ आहेत आणि साबितच्या प्रतीत त्याहून दहा जास्त. (दोघेही युक्लिड अरबीत आणणाऱ्यांपैकी.) मकाला म्हणजे अध्याय, तिथे प्रश्न नाही. शक्लचे काय करायचे?

मी ‘प्रमेये’ लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘आकृत्या’ केले, कारण शक्ल म्हणजे आकृती. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या अध्यायातले पहिलेच घ्या: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे. ही रचना झाली, प्रमेय नव्हे. ग्रीकमध्ये दोहोंचा शेवटही वेगळा असतो, एकीकडे ‘जे दाखवायचे होते ते’ आणि दुसरीकडे ‘जे करायचे होते ते’. अरबीत शेवटच्या वाक्यातला हा फरक टिकतो, पण वर नाव एकच, शक्ल. तर प्रमेय आणि रचना दोन्ही पोटात घेईल असा एक शब्द हवा आहे. ‘विधान’ नको, ते फारच सपाट आहे.

अर्धज्या

‘आकृत्या’ तर नकोच. सातव्या ते नवव्या अध्यायात संख्यांचा विचार आहे. तिथे आकृती म्हणजे नुसत्या आडव्याउभ्या रेघा, तरी प्रत्येकाला शक्लच म्हटले आहे. एका शक्लला एक आकृती जोडलेली असायची, म्हणून आकृतीचे नाव सगळ्या मजकुराला चिकटले: विधान, रचना, सिद्धता, सगळे मिळून शक्ल.

दुसरे असे की अरबीत नावाजलेल्या शक्लांना टोपणनावे आहेत. ‘शक्ल कत्ता’ म्हणजे मेनेलाउसचे गोलावरचे प्रमेय, जे टॉलेमी आपल्या ‘मजिस्ती’ या खगोलशास्त्राच्या ग्रंथात, पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात वापरतो. कत्ता म्हणजे कापणारा. दहाव्या शतकाअखेर आले ‘शक्ल मुग्नी’, म्हणजे गोलीय त्रिकोणातला ‘ज्या’चा (साइनचा) नियम. मुग्नी म्हणजे ‘ज्याच्यामुळे दुसऱ्याची गरज उरत नाही’ असा. कोणाची गरज? कत्ताची. कत्तामध्ये सहा कंस असतात, पाच माहीत असले तर सहावा निघतो. त्यातल्या गुणोत्तरांची उलटापालट साबित इब्न कुर्राने १८ रीतींनी मोजून दाखवली आहे. एक जोडी चुकीची धरली की उत्तर येते, पण भलत्याच कंसाचे, आणि ते पाहून ओळखूही येत नाही. मुग्नीत चारच राशी असतात, तीन दिल्या की चौथी. हे नाव म्हणजे वैतागलेल्या गणित्याने टाकलेला सुस्कारा आहे. त्याचे ‘गरज संपवणारी आकृती’ केले तर वाचक आकृती शोधत बसेल.

कत्ताला मराठीत ‘छेदिका प्रमेय’ चालेल. छेदिका शाळेतलाच शब्द आहे. पण ४६८ चा प्रश्न राहतोच.

दप्तरदार

हा प्रश्न एकदा सुटलेला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तूसीचा हाच अरबी युक्लिड संस्कृतात ‘रेखागणित’ म्हणून आणला. (मुंबईत १९०१-०२ मध्ये तो दोन भागांत छापलाही गेला.) तो म्हणतो, या ग्रंथात पंधरा अध्याय आणि ४७८ ‘शकले’ आहेत. ४६८ अधिक दहा, म्हणजे साबितच्या प्रतीचा आकडा जसाच्या तसा. अरबी शक्ल त्याने उचलला आणि नपुंसकलिंगी करून संस्कृतात बसवला. तुम्हीही ‘शकल’ लिहा.

आणि तो शब्द मराठीत आहेच की. ‘नामी शक्कल लढवली’ म्हणतो ती शक्कल हीच. रूप, आकार, मग घाट, मग युक्ती. युक्लिडचे प्रत्येक शकल ही एक शक्कलच असते.

भाषाशुद्धी

थांबा. ‘शकल’ संस्कृतच आहे. शकल म्हणजे तुकडा, खंड. मराठीत ‘शकले उडाली’ म्हणतो ते हेच. ग्रंथाच्या विभागाला खंड म्हणण्याची आपली जुनी रीत आहे, जगन्नाथपंतांनी तीच पाळली. अरबी उसनवारी कुठून आली यात? ध्वनी जुळला की व्युत्पत्ती लागली, असे नसते.

दप्तरदार

ध्वनी जुळला एवढ्यावर म्हणत नाही. आकडा जुळतो, जागा जुळते, अर्थ जुळतो. अरबी वाक्यात जिथे शक्ल आहे तिथेच संस्कृतात शकल आहे. संस्कृतात तसाच दिसणारा शब्द आयता होता म्हणून ते सोपे गेले, हे मान्य. मुरलेला भाषांतरकार असा दुहेरी बसणारा शब्द सोडत नाही.

अजून पुरावा हवा तर आकृतीतली अक्षरे बघा. रेखागणितात बिंदू अ, ब, ज, द असे आहेत. संस्कृत पंडिताने आपल्या मनाने दिली असती तर क, ख, ग, घ दिली असती. ही अरबी अबजद आहे, म्हणजे अक्षरांचा जुना क्रम, ज्यात प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत असते. आकृत्यांत ती ग्रीक आल्फा, बीटा, गामा, डेल्टाच्या जागी आली आहे.

ओळंबा

म्हणजे आपल्याकडे प्रश्नपत्रिकेत (अ), (ब), (क), (ड) असतात तीही अबजदच म्हणायची! आजवर वाटायचे की हा इंग्रजीचा वारसा. क, ख, ग सोडून अ, ब वर उडी मारायचे दुसरे कारण काय?

अर्धज्या

नाही हो, ती इंग्रजीच. तिसरे अक्षर बघा. अबजदमध्ये तिसरा ‘ज’ (ग्रीक गामाच्या जागी जीम) आणि चौथा ‘द’. आपल्याकडे तिसरा क आणि चौथा ड, म्हणजे सी आणि डी. त्रिकोण ‘अबक’ असेल तर मागे इंग्रजी पुस्तक आहे, ‘अबज’ असेल तर अरबी. एका अक्षरावरून ग्रंथ कुठल्या वाटेने आला ते कळते.

याहून बारीक खूण पुढे आहे. ग्रीक आकृत्यांत पाचवे अक्षर एप्सिलॉन, त्यानंतर थेट झीटा. मध्ये सहा या संख्येसाठी एक जुने चिन्ह होते, ते वर्णमालेत उरले नव्हते, म्हणून आकृतीतही येत नाही. अरबीत सहाच्या जागी ‘वाव’ आहे, चांगले जिवंत अक्षर. तरी ग्रीकवरून आलेल्या आकृत्यांत क्रम असा लागतो: अलिफ, बे, जीम, दाल, हे, झे. वाव गाळलेला असतो. अक्षरे उच्चारावर नव्हे, संख्यामूल्यावर जुळवलेली आहेत. पाचाला पाच, साताला सात.

ऋजुरेषा

हे छान आहे आणि लेखात घेणार आहे. पण ‘शकल’ लिहिले तर मराठी वाचकाला तुकडा वाटेल. ‘युक्लिडच्या ग्रंथाची ४६८ शकले’ म्हणजे कोणीतरी ग्रंथ फोडला असे चित्र उभे राहते.

भाषाशुद्धी

तेच म्हणतो. म्हणून ‘साध्य’ घ्या. जे साधायचे ते साध्य. सिद्ध करायचे असो वा काढायचे असो, दोन्हीकडे बसते. बंगालीत प्रमेयाला उपपाद्य आणि रचनेला संपाद्य म्हणतात, किती नेटके. आपण मात्र शक्कल लढवत बसलो आहोत. भूमितीसारखे देवाघरचे शास्त्र, त्याला अरबी ठिगळे कशाला? आणि अरबांचे ‘हंदसा’ हे भूमितीचे नावच मुळी ‘हिंद’वरून आहे. त्यांनी आपल्याकडून घेतले, आता आपण त्यांच्याकडून परत घ्यायचे?

दप्तरदार

हंदसा हिंदवरून नाही. फारसी ‘अंदाझा’, म्हणजे माप, त्याचे अरबी रूप हंदसा. मापणारा तो मुहंदिस, आज अरबीत अभियंत्याला हाच शब्द आहे. त्याच अंदाझाचा मराठी भाऊ म्हणजे ‘अंदाज’. गंमत बघा, तिकडे तो काटेकोर मोजमापाचे शास्त्र झाला आणि इकडे ‘साधारण अंदाजे’ झाला.

‘साध्य’ला अडचण अशी की शाळेत पक्ष, साध्य, सिद्धता अशी उतरंड आहे. तिथे साध्य हा प्रमेयाचा एक भाग असतो. सगळ्याला साध्य म्हटले तर साध्यातले साध्य कुठले?

भाषाशुद्धी

अंदाजाचे मान्य. बाकी नाही. त्या अरबी भाषांतरकारांनी तरी काय केले? सुरुवातीला ग्रीक शब्द तसेच ठेवले, मग हळूहळू स्वतःचे घडवले. आपणही घडवायला हवेत.

अर्धज्या

अर्धे बरोबर. ‘मूलतत्त्वां’चे ग्रीक नाव स्टोइखेइया. अरबीत ते आधी ‘उस्तुकुस्सात’ झाले, जिभेला मुंग्या आणणारे. मग ‘उसूल’, म्हणजे मुळे, तत्त्वे. इथे घडवलेला शब्द जिंकला. पण टॉलेमीच्या ग्रंथाचे नाव ‘मजिस्ती’ कधीच बदलले नाही. ग्रीक मेगिस्ते, म्हणजे ‘सर्वांत थोर’, तेच अरबी लिपीत. हज्जाजचे भाषांतर हिजरी २१२ चे (इ.स. ८२७-२८), त्यानंतर इस्हाक इब्न हुनैनचे, त्यावर साबितचा हात, तूसीची मांडणी १२४७ ची. चारशे वर्षांत कोणालाही ‘थोर’चे अरबी करावेसे वाटले नाही. जगन्नाथही ‘मिजास्ती’ असेच लिहितो.

चौदाव्या शतकातला अरबी लेखक सफदी भाषांतराच्या दोन रीती सांगतो. एक, शब्दाला शब्द लावायचा. यात दोन खोड्या: प्रत्येक ग्रीक शब्दाला अरबी प्रतिशब्द नसतो म्हणून ग्रीक तसाच राहतो, आणि वाक्यरचना जुळत नाही. दुसरी रीत हुनैन इब्न इस्हाकची. अख्खे वाक्य वाचायचे, अर्थ मनात धरायचा आणि मग आपल्या भाषेत लिहायचा. पण पुढे सफदी एक मेख मारतो. हुनैनच्या भाषांतरांना दुरुस्ती लागत नाही, अपवाद गणिताचा, कारण त्यात त्याला गती नव्हती. युक्लिड आणि मजिस्ती साबितने सुधारले. शब्द देशी की परका हा वाद घालायच्या आधी माणसाला विषय कळला पाहिजे.

ओळंबा

अवांतर होईल, पण ग्रीक शब्द तसाच राहण्यावरून आठवले. कंपासपेटीतला ‘गुण्या’ कुठला? गवंड्याच्या पिशवीतही लोखंडी गुण्या असतो आणि भिंत काटकोनात आली की ‘गुण्यात आहे’ म्हणतात.

भाषाशुद्धी

गुण, गुणणे. दोन बाजू एकमेकींशी ‘गुणल्या’ की क्षेत्रफळ येते, त्यासाठी काटकोन लागतो. म्हणून गुण्या.

दप्तरदार

फारसी ‘गूनिया’ आणि मागे ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. आपल्या पोरांच्या दप्तरात ग्रीक शब्द आहे. तसे ‘दप्तर’ही ग्रीकच: दिफ्थेरा, कमावलेले कातडे, मग दफ्तर. कलम, अफू, सगळी मंडळी त्याच वाटेची. बगदादच्या भाषांतरकारांचे उपकार.

अर्धज्या

यात घोटाळा आहे. या शब्दांचा बगदादच्या भाषांतरकारांशी संबंध नाही. अरबी युक्लिडमध्ये कोनाला ‘झाविया’ म्हणतात, अस्सल अरबी शब्द, मूळ अर्थ कोपरा. भाषांतरकारांनी गोनिया घेतलाच नाही. तो सीरिया-इराककडच्या कारागिरांच्या बोलीतून फारसीत गेला असणार. अवजाराबरोबर अवजाराचे नाव जाते, त्याला ग्रंथ लागत नाही. अफू आणि दफ्तर व्यापाराने आणि कचेरीने नेले. ग्रंथाची वाट वेगळी आणि हत्याराची वाट वेगळी.

आणि भाषाशुद्धी, गुण्या टाकून ‘कोन’पासून शुद्ध शब्द करू म्हणाल तर तिथेही सांभाळून. होराशास्त्रातला (फलज्योतिषातला) ‘त्रिकोण’ ग्रीक त्रिगोनॉनवरून आला असे बरेच अभ्यासक मानतात. केंद्र हे केंत्रॉन, जामित्र (कुंडलीतले सातवे स्थान) हे दियामेत्रॉस आणि कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) लिप्ता म्हणतात ते लेप्ता, याबद्दल तर वादच नाही. तेही बगदादच्या कित्येक शतके आधी, थेट.

भाषाशुद्धी

मग उलट दिशेचेही सांगा की! ‘ज्या’ आपली. जीवाचे अरबीत ‘जीबा’ झाले, स्वर लिहीत नसल्याने ते ‘जैब’ वाचले गेले, जैब म्हणजे कपड्याची घडी, बाराव्या शतकात त्याचे लॅटिन ‘सायनस’ झाले. आणि ‘उच्च’. ग्रहाच्या उच्चाला (पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूला) अरबीत ‘औज’ म्हणतात, तो आपलाच उच्च. अपोगेइऑन हा ग्रीक शब्द समोर असून त्यांनी आपला घेतला.

अर्धज्या

दोन्ही मान्य. आणि याच ठिकाणी मराठी भाषांतरे हमखास चुकतात, म्हणून ऋजुरेषा, तुमच्या लेखात पुढे टॉलेमीची सारणी असेल तर पाहा. तिला ‘ज्यासारणी’ म्हणू नका. टॉलेमीकडे पूर्ण जीवा आहे, अरबीत ‘वतर’, धनुष्याची दोरी. त्रिज्या ६० भाग, अर्ध्या अर्ध्या अंशाने ३६० ओळी. ६० अंशांच्या कंसाची जीवा ६० येते. ज्या ही अर्धी जीवा, अर्ध्या कोनाची: ३० अंशांची ज्या ३०. संस्कृतात जीवा हा शब्दही याच अर्ध्या राशीला वापरतात आणि आजच्या शालेय मराठीत जीवा म्हणजे पूर्ण दोरी. शब्द एकच, किंमत दुप्पट.

आकडे उतरवतानाही जपा. सारण्या अबजद अंकांत आहेत. ३६ अंशांची जीवा ३७;४,५५ (३७ भाग, ४ साठांश आणि त्या साठांशाचे ५५ साठांश). म्हणजे लाम-झे, दाल, नून-हे. पन्नासचा नून आणि दहाचा ये शब्दाच्या सुरुवातीला सारखेच दिसतात, एकसारखा दात. फरक टिंबांचा: नूनला वर एक, येला खाली दोन. लेखनिकाने टिंबे गाळली की ५५ चे १५ होतात. तसेच जीम (३) आणि ‘मोठा हे’ (८, पाचाच्या हेहून वेगळे अक्षर) यांच्यात एका टिंबाचा फरक. म्हणून सारण्या लिहिणारे जीमची शेपटीच कापत आणि नूनला शब्दाच्या शेवटी असल्यासारखे वळण देत.

तपासायची रीत सोपी आहे. ३६ आणि १४४ अंशांच्या जीवांच्या वर्गांची बेरीज व्यासाच्या वर्गाइतकी, म्हणजे १२० चा वर्ग, १४,४०० यायला हवी. ३७;४,५५ चा वर्ग साधारण १३७५.०७; उरलेल्याचे वर्गमूळ ११४;७,३७. टॉलेमीच्या सारणीत १४४ अंशांसमोर हाच आकडा आहे. ३७;४,१५ घेतले तर तिथे ११४;७,५० च्या आसपास येते. जुळत नाही म्हणजे टिंब हरवले.

ओळंबा

वर्गांच्या बेरजेवरून पुन्हा गुण्या. पाया आखताना गवंडी हेच करतो. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरके ५ फूट भरले की गुण्यात. फक्त मोठ्या पायाला ३-४-५ पुरत नाही. तिरक्या मापात पाव इंच चुकले तर ३० फुटांच्या भिंतीच्या टोकाला तीन इंच फरक पडतो. ९-१२-१५ घेतले तर तीच पाव इंचाची चूक टोकाला एकच इंच होते. दोरी नायलॉनची असेल तर ताणते, तिथे टेपच हवी.

या पायथागोरसच्या प्रमेयालाही अरबीत टोपणनाव आहे का?

दप्तरदार

आहे, ‘शक्ल अरूस’. अरूस म्हणजे नवरी. आकृती डोलीसारखी दिसते म्हणून.

अर्धज्या

डोलीचे कोणीतरी मागाहून जोडले आहे. दुसरे मत असे की ग्रीक ‘निम्फे’चे नवरी आणि पंखवाला किडा असे दोन अर्थ आहेत. कर्ण-भुजांवरचे तीन चौरस पसरलेल्या पंखांसारखे दिसतात, म्हणून किडा, आणि भाषांतरात किड्याची नवरी झाली. ऐकायला फक्कड, पण पटायला दोन्ही अवघडच.

भाषाशुद्धी

किडा असो वा नवरी, मराठीत ते पायथागोरसचे प्रमेय आहे आणि ‘प्रमेय’ हा शब्द कोणाच्या वडिलांकडून उसना आणलेला नाही. ऋजुरेषा, पहिल्या अनुवादात प्रमेय होते तेच ठेवा. एखादी रचना मध्ये आली म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

ऋजुरेषा

एखादी नाही. पहिल्या अध्यायात ४८ पैकी १४ रचना आहेत.

आणि आकड्याचा आणखी एक गुंता दिसला. ग्रीक संहितेत तेरा भागांतच ४६५ येतात. तूसीकडे मागून जोडलेले दोन भाग धरून पंधरांत ४६८. म्हणजे हज्जाजच्या प्रतीत तेरा भागांत बरेच कमी होते. मग काही गाळले, की दोनाचे एक केले? एक केले असेल तर ‘शक्ल’ हे मोजायचे माप ग्रीक मापाहून वेगळे ठरते, आणि तिथे ‘प्रमेय’ लिहिले तर वाचक क्रमांक शोधायला ग्रीकवरून केलेले भाषांतर उघडेल, आणि ते जुळणार नाहीत.

अर्धज्या

दोन्ही झाले आहे, दहाव्या भागात सर्वांत जास्त. म्हणून संदर्भ देताना ‘तूसी, मकाला इतका, शक्ल इतके’ असेच द्या, ग्रीक क्रमांक शेजारी वेगळा. त्या कारणाने मी ‘शक्ल’ मूळ रूपात ठेवायच्या बाजूचा आहे. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावायचे आणि पुढे बिनधास्त वापरायचे. अनेकवचन ‘शक्ले’.

दप्तरदार

‘शक्ले’ की ‘शक्ला’? शक्कल स्त्रीलिंगी आहे, ती शक्कल, त्या शकला. अरबीत पुल्लिंगी, संस्कृतात नपुंसक.

भाषाशुद्धी

बघा. घेतला परका शब्द, आता त्याचे लिंग ठरवायला पंचायत बसवा.

ओळंबा

गुण्या मात्र सगळीकडे पुल्लिंगी. तो गुण्या, ते गुण्ये. कोकणात कोणी ‘गुणिया’ म्हणते का?